शस्त्रक्रियेनंतरचा वात



खुब्याचे हाड मोडलेल्या पंचाहत्तरीच्या गृहस्थांची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडते. अमळनेरहून धुळ्याला किंवा जळगावला सोबत गेलेले निम्मे नातलग निर्धास्त होऊन घरी परततात. आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री पलंगापाशी थांबलेल्या मुलाचा फोन येतो : 'आबा मला ओळखत नाहीत. सलाईनची नळी उपटून टाकली. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणतात.' यापुढचे तर्क आपल्या परिचयाचे आहेत. भूल जास्त झाली, असे एक जण म्हणतो. दुसऱ्याला औषधात चूक झाल्याचा संशय येतो. एखादी वडीलधारी व्यक्ती आवाज खाली आणून 'बाहेरचे' काही असावे असे सुचवते. माझ्या मते या सर्वांहून घातक तर्क निराळाच आहे : वय झाले, असे व्हायचेच.

या अवस्थेसाठी आपल्या भाषेत जुना शब्द आहे, वात. तापाच्या भरात माणूस बरळू लागला की 'त्याला वात झाला' असे घरातल्या आज्या म्हणत. आजचे डॉक्टर तिला डिलिरियम म्हणतात. हा वेडेपणा नव्हे आणि म्हातारचळही नव्हे. विस्मरणाचा आजार वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. वात काही तासांत किंवा एकदोन दिवसांत येतो, आणि एकाच दिवसात कमीजास्त होतो. सकाळी नातवाची चौकशी करणारे आबा संध्याकाळी त्याच नातवाला परका समजतात. मूत्रपिंड किंवा हृदय जसे एकाएकी थकते, तसा मेंदू थकल्याची ही खूण आहे. त्यामागे बहुधा शोधून काढता येण्यासारखे कारण असते : जंतुसंसर्ग, न शमलेली वेदना, तुंबलेली लघवी, रक्तातील घटलेले सोडियम, कमी पडणारा प्राणवायू, झोपेची औषधे. म्हणूनच 'वय झाले' हे उत्तर घातक. ते मिळाले की कारणाचा शोध थांबतो.

आरडाओरडा करणारा रुग्ण निदान सर्वांच्या लक्षात तरी येतो. याच विकाराचे दुसरे रूप फसवे असते. रुग्ण शांत पडून राहतो, हाक मारली तर क्षणभर डोळे उघडतो, जेवणाची इच्छा दाखवत नाही. भेटीस आलेले पाहुणे म्हणतात, 'झोपू द्या, आराम होतोय.' वृद्धांमध्ये हा मुका वात विशेष आढळतो आणि तोच अधिक वेळा नजरेतून निसटतो. ओळखण्याची सोपी रीत अशी : रुग्णास आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणावयास सांगावे. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा एरवी शनिवारपासून रविवारपर्यंत उलटी येऊ शकते. कालपर्यंत जमणारे आज दोन वारांतच अडखळले, मध्येच धागा सुटला, तर लक्ष एकवटण्याची शक्ती ढळली आहे असे समजून परिचारिकेस व डॉक्टरांस तत्काळ सांगावे. अतिदक्षता विभागात, जेथे नळीमुळे रुग्णाला बोलता येत नाही तेथे, याच तत्त्वावरची परीक्षा असते : परीक्षक एकामागून एक इंग्रजी अक्षरे उच्चारतो आणि 'ए' ऐकू आला की रुग्णाने हात दाबावयाचा.

ही हात दाबण्याची परीक्षा अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डॉ. वेस्ली इली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली रूढ केली. याच गटात भूलशास्त्राचे एक संशोधक आहेत, ज्यांचे आडनाव मराठी कानांना ओळखीचे वाटेल : डॉ. प्रतीक पंढरीपांडे. त्यांच्या लेखनाचा मोठा भाग भूल, गुंगीची औषधे आणि मेंदू यांच्या संबंधाविषयी आहे. २००६ साली त्यांनी दाखविले की, कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांना गुंगीसाठी दिले जाणारे लोराझेपाम हे औषध दुसऱ्या दिवशी वात होण्याची शक्यता वाढवते. पुढच्याच वर्षी १०६ रुग्णांवरील अभ्यासात त्यांनी लोराझेपामची तुलना डेक्समेडेटोमिडीन या निराळ्या औषधाशी केली, आणि दुसऱ्या गटाला वात व बेशुद्धी यांपासून मुक्त असे दिवस अधिक मिळाले. २०२१ मध्ये याच गटाने तेच औषध प्रोपोफोलच्या तुलनेत तपासले. तेव्हा मात्र दोहोंत फरक आढळला नाही, आणि तसे त्यांनी छापलेही. आपल्या आवडीच्या औषधाविरुद्धचा निष्कर्ष प्रसिद्ध करणारा संशोधक मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

त्यांचा सर्वांत गाजलेला निबंध २०१३ सालचा. अतिदक्षता विभागातील ८२१ गंभीर रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना मुक्कामात केव्हा ना केव्हा वात झाला. वर्षभराने तपासले तेव्हा सुमारे तिघांतील एकाची बुद्धी डोक्याला मध्यम इजा झालेल्या माणसाइतकी, तर चौघांतील जवळजवळ एकाची सौम्य अल्झायमरच्या रुग्णाइतकी खालावलेली होती. तरुणही याला अपवाद नव्हते. वात जितके अधिक दिवस टिकला, तितकी ही घसरण अधिक होती. एका गोष्टीमुळेच दुसरी घडली असे यावरून सिद्ध होत नाही, आणि साध्या वॉर्डातील रुग्णाला हे आकडे जसेच्या तसे लागूही पडत नाहीत. परंतु 'दोन दिवसांत उतरेल, काळजी नको' असे म्हणून स्वस्थ बसण्याजोगी ही गोष्ट नाही, इतके त्यातून निश्चित कळते.

'कमरेत इंजेक्शन देऊन भूल द्या, पूर्ण भूल देऊ नका, मेंदूवर परिणाम होतो,' असा आग्रह अनेक कुटुंबे धरतात. शंका जुनी आहे. १९५५ साली बेडफर्ड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये वृद्धांच्या मेंदूवर भुलेचे होणारे दुष्परिणाम नोंदवले होते. पण २०२१ साली खुब्याच्या अस्थिभंगाच्या १६०० रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात मणक्यातील भूल मिळालेल्यांपैकी २०.५ टक्क्यांना आणि पूर्ण भूल मिळालेल्यांपैकी १९.७ टक्क्यांना वात झाला; म्हणजे फरक नाहीच. भुलेचा प्रकार भूलतज्ज्ञांवर सोपवावा आणि आपली शक्ती शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवावी.

त्या दिवसांत मेंदूइतकीच काळजी स्नायूंची. पूर्ण भूल देताना स्नायू शिथिल करणारे औषध वापरतात. त्याचा अंमल उरला आहे की नाही हे मनगटाजवळील नसेला चार सूक्ष्म विद्युत्झटके देऊन, अंगठ्याच्या हालचालीवरून मोजता येते. चौथी हालचाल पहिलीच्या नऊ-दशांशापेक्षा कमी असेल तर घसा व श्वासाचे स्नायू अजून पुरते सावरलेले नसतात. हे भूलतज्ज्ञ पाहतात. पायांचे स्नायू मात्र आपल्या हवाली असतात. २००७ सालच्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट स्त्रीपुरुषांना दहा दिवस केवळ अंथरुणात ठेवले. आजार नाही, शस्त्रक्रिया नाही. तरीही पायांतील सुमारे एक किलो मांस झडले. तेव्हा मोडलेल्या हाडाच्या वृद्धेला 'आराम' म्हणून पंधरा दिवस निजवून ठेवणे म्हणजे काय, याचा विचार आपणच करावा. याउलट २००९ साली कृत्रिम श्वासावरील १०४ रुग्णांना गुंगी थांबवून आरंभापासूनच बसवण्या-उठवण्याचे व्यायाम दिले, तेव्हा घरी जाताना स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण ३५ वरून ५९ टक्क्यांवर गेले आणि वाताचे दिवस चारावरून दोनावर आले. पाय आणि मेंदू यांचे नाते असे निकटचे आहे. अर्थात हाडावर भार केव्हा द्यावयाचा हे शल्यचिकित्सकच सांगतील. ते सांगतील त्या दिवशी 'आज राहू द्या, त्यांना दुखतंय' असे म्हणणारे आपण असू नये.

औषधांचे काय, असे आपण विचाराल. २०१८ साली हॅलोपेरिडॉल हे सर्रास दिले जाणारे औषध ५६६ रुग्णांच्या अभ्यासात साध्या खाऱ्या पाण्याहून सरस ठरले नाही. रुग्ण स्वतःला इजा करील अशी भीती असेल तेव्हा डॉक्टर इंजेक्शन देतात, ते योग्यच. पण 'झोपेचे काहीतरी देऊन टाका' असा हट्ट रात्री दोन वाजता नातलगांनी धरू नये. हात बांधण्याची मागणी तर शक्यतो करूच नये. बांधलेला माणूस अधिकच झगडतो.

मग उपयोग कशाचा होतो? १९९९ साली डॉ. शॅरन इनोये यांनी सत्तरीपुढील ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. त्यात नवे औषध नव्हतेच. रुग्णांना दिवसवार सांगणे, चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणे, पाणी पाजणे, चालविणे, रात्री गरम दूध व शांतता देणे, एवढेच केले. वाताचे प्रमाण १५ वरून ९.९ टक्क्यांवर उतरले. एकदा वात झाल्यावर मात्र या उपायांनी त्याची तीव्रता फारशी घटली नाही. म्हणजे हे सारे पहिल्या दिवसापासूनच करावयाचे आहे.

तिकडे या कामासाठी स्वयंसेवक शिकवून तयार करावे लागले. आपल्याकडे पलंगापाशी घरचे माणूस असतेच. फक्त ते पुष्कळदा मोबाइलमध्ये असते. शस्त्रक्रियेच्या आधी घाईत चष्मा, कवळी, श्रवणयंत्र पिशवीत जाते आणि ती पिशवी सुनेबरोबर अमळनेरला परत येते, हे तर नित्याचेच. ज्याला धड दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला अनोळखी खोलीत भिंतीवरच्या डागांच्या मुंग्या दिसल्या तर नवल कसले? खानदेशातल्या मे महिन्यात शरीर आधीच कोरडे पडलेले असते. तोंडाने देण्याची परवानगी मिळताच घोट घोट पाणी द्यावे. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद, आणि रात्री दहानंतर पाहुण्यांची रीघ बंद.

भाषेचे महत्त्व मला विशेष वाटते. भांबावलेला माणूस बालपणीच्या बोलीत शिरतो. आयुष्यभर कचेरीत प्रमाण मराठी बोललेले आबा 'माले घर जानं शे' असे अहिराणीत म्हणू लागले, तर परक्या गावच्या परिचारिकेला ती निरर्थक बडबड वाटू शकते. आपण अहिराणीतच उत्तर द्यावे. वाद घालू नये, हसू नये, मुंग्या आहेत असेही म्हणू नये. आज कोणता वार, आपण कोणत्या गावी, पायाला काय झाले, हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावे. मग बोरीच्या पात्रातील सखाराम महाराजांच्या यात्रेच्या गोष्टी, शेतातील विहीर, बैलांची नावे. ओळखीच्या गोष्टींना धरून मन लवकर काठाला लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा काही गोष्टी संकोच न करता सांगाव्यात : रात्री झोपेची गोळी चालू आहे का, मद्य किती आणि शेवटचे केव्हा, तंबाखूची सवय, अलीकडे वाढलेले विस्मरण, आणि पूर्वी कधी असा वात झाला होता का. मद्याची गोष्ट सुनेसमोर सांगणे अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना बाजूला नेऊन सांगावी. एकाएकी मद्य तुटल्याने होणारा वात जिवावर बेतू शकतो आणि त्याचा उपचार पूर्ण निराळा असतो.

घरी सोडताना कागदावर हाडाची व टाक्यांची नोंद असते. वाताची बहुधा नसते. ती लिहून मागावी, किती दिवस टिकला यासह. दोनतीन महिन्यांनी हिशेब, औषधांच्या वेळा, नातलगांची नावे यांत गोंधळ उरला असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. पुढे मोतीबिंदूची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, तर तोच कागद भूलतज्ज्ञांपुढे ठेवावा.