घरातली खाडी

मुलांनो, मागच्या वेळी आपण काचेच्या बरणीत वाटाण्याचं रोप वाढवलं होतं, आठवतंय ना? रोप वाळलं तर आपण दुसरा वाटाणा पेरला. पण आज जे करायचं आहे त्यात अशी 'दुसरी पेरणी' करून चालत नाही. म्हणून आज आधी माझी फजिती सांगते, मग कृती.

आमची शाळा खाडीच्या काठाला आहे. भरती आली की शाळेच्या मागच्या बांधापर्यंत पाणी येतं. हे पाणी समुद्राइतकं खारट नसतं आणि विहिरीसारखं गोडंही नसतं. आपण त्याला मचूळ म्हणतो, पुस्तकात निमखारं म्हणतात. एक दिवस मला वाटलं, ही खाडी वर्गात आणली तर? जुनी काचेची टाकी मिळाली. शनिवारी सकाळी धुतली, खाडीचं पाणी भरलं. चौथीतल्या एका मुलाने डब्यातून बोय माशाची बोटभर पिल्लं आणली, मोजून सहा. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि शाळा सुटली.

सोमवारी कुलूप उघडलं. सहाच्या सहा पिल्लं आडवी तरंगत होती.

तो मुलगा रडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "बाई, खाडीत असती तर मेली असती का ओ?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं तर उत्तर माहीत होतं, पण तोंडातून निघेना. त्यानंतर मी पुस्तकं आणली, मासे पाळणाऱ्यांना विचारलं, आणि तेव्हा कळलं की चूक मुलाची नव्हती, माशांची तर नव्हतीच. घाई माझी होती.

मासे का मेले?

आपण संडासला जातो तशी माशांच्या शरीरातूनही घाण बाहेर पडते. त्यातला मोठा भाग अमोनिया असतो आणि तो त्यांच्या कल्ल्यांवाटे पाण्यात मिसळतो. खाडी केवढी मोठी! दिवसातून दोन वेळा भरती-ओहोटी येते आणि घाण वाहून जाते. टाकीत ती जाणार कुठे? मासा आपल्याच घाणीत गुदमरतो.

मग टाक्यांमधले मासे जगतात कसे? तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंच्या जिवावर. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्यामानाने बरंच सौम्य. हे सफाई कामगार वाळूवर, दगडांवर, स्पंजावर वस्ती करतात. पण वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही त्यांना एक दिवससुद्धा दिला नव्हता!

साहित्य

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी. हवा सोडणारा छोटा पंप आणि स्पंजाची गाळणी. पाच-सहा किलो धुतलेली जाड वाळू, त्यात मूठभर शिंपल्यांचा चुरा. समुद्री मीठ. खारेपणा मोजायची काचेची तरंगती नळी, म्हणजे हायड्रोमीटर. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंब. हे सगळं मासे विकणाऱ्या दुकानात मिळतं.

आता थोडं गणित करू. ६० × ३० × ३० सेंटिमीटर म्हणजे ५४,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी साधारण ४५ लिटर बसेल. म्हणजे नुसतं पाणीच ४५ किलो! वर काच आणि वाळू. पाचवीतली दोन मुलं वर बसली तरी जे टेबल हलणार नाही, त्यावरच टाकी ठेवा. खिडकीतल्या उन्हात मात्र नको. पाणी तापतं आणि शेवाळ माजतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या मचूळ टाकीला लिटरला १० ग्रॅम पुरेत. म्हणजे ४५ लिटरला किती? बरोबर, ४५० ग्रॅम. पण हे मीठ आईच्या मिठाच्या बरणीतलं चालणार नाही. समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे कितीतरी क्षार असतात. ते सगळे असलेलं तयार समुद्री मीठच घ्या.

कृती

नळाचं पाणी उघड्या बादलीत पूर्ण एक दिवस राहू द्या, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जाईल. मग मीठ विरघळवून टाकीत ओता आणि पंप चालू करा. पंपाची वायर घरातल्या मोठ्या माणसाकडूनच लावून घ्या. वायर आधी खाली लोंबू द्या आणि मग वर बटणाकडे न्या, म्हणजे थेंब ओघळले तरी बटणात जाणार नाहीत. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, इथे धिटाई नको. टाकीत हात घालताना बटण बंद!

आता मासे? नाही. एक छोटा कोळंबीचा तुकडा टाका. तो कुजेल, अमोनिया तयार होईल आणि जिवाणूंना खायला मिळेल. दर चार दिवसांनी थेंब टाकून पाणी तपासा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया वाढेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट वाढेल. दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. तोवर घरचे हसतील, "नुसतं पाणी पाळलंय का?" म्हणतील. हसू द्या.

मासे कोणते? गावात-शहरात राहणाऱ्यांनी दुकानातले चार मॉली घ्यावेत. हा मासा मूळचा मेक्सिकोकडचा आणि मचूळ पाण्यात मजेत राहतो. दुकानात तो बहुधा गोड्या पाण्यात असतो, म्हणून त्याच्यासाठी सुरुवातीला मीठ थोडंच घाला आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. खाडीकाठच्या मुलांनी दोन लहान खरबी आणाव्यात, त्याहून जास्त नाही. निवट्या मात्र आणू नका. त्यांना पाण्याइतकीच चिखलाची जमीन लागते. ओहोटीला काठावर बसून त्यांच्या उड्या बघा, फुकट आणि जास्त मजेदार!

एक गंमत, एक धोका

आमच्या दुसऱ्या टाकीचं पाणी महिन्यात चार बोटं खाली गेलं. मी खाडीचं पाणी आणून भर घातली. त्याच मुलाने काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, हे पांढरं काय? चाटलं तर खारट लागतंय!"

पाणी वाफ होऊन उडतं, मीठ उडत नाही. मिठागरात हेच तर होतं! म्हणजे मी खाऱ्या पाण्याने भर घालत राहिले असते तर टाकी दिवसेंदिवस जास्त खारट झाली असती. म्हणून काचेवर पेनाने पाण्याच्या पातळीची रेघ मारा. पाणी रेघेखाली गेलं की साठवलेलं गोडं पाणीच घाला. (आणि चाटून बघू नका. त्याला मी रागावले, मग शाबासकीही दिली.)

दर आठवड्याला नऊ लिटर पाणी काढून तेवढंच नवं घालायचं, त्यात मीठ ९० ग्रॅम. स्पंज धुवायचा तो त्या काढलेल्या पाण्यातच. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जिवाणू मरतील आणि पुन्हा पहिला सोमवार उजाडेल. तांब्याची कळशी या कामाला वापरू नका, कोळंबी-खेकड्यांना तांबं बाधतं. खायला दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला.

आणि वीज गेली तर? १८४६ साली अ‍ॅना थाइन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून पोवळी लंडनला घरी नेली. तेव्हा पंप कुठला! घरातली मोलकरीण ते पाणी रोज उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतत असे. पडता पडता पाण्यात हवा मिसळे आणि पोवळी जगली. वीज गेली की तुम्हीही मगाने पाणी काढा आणि वीतभर उंचीवरून सावकाश परत ओता.

पोवळी मात्र तुम्ही आणू नका हं. आपल्याकडे २००१ सालापासून पोवळी आणि समुद्रघोडे यांना कायद्याने संरक्षण आहे. किनाऱ्यावरचे सगळे रिकामे शंखही वेचू नका. शंखात राहणाऱ्या खेकड्याला वाढत्या अंगाचं नवं घर तिथेच शोधायचं असतं.

शेवटचं. कंटाळा आला म्हणून दुकानातले मासे ओढ्यात, खाडीत सोडायचे नाहीत. आफ्रिकेतला तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. आज तो कितीतरी तळ्यांत, नद्यांत पसरून तिथल्या माशांच्या तोंडचा घास घेतो. सांभाळणं जमेना तर मासे दुकानदाराला किंवा मित्राला द्या.

आमच्या टाकीत आता दोन खरबी आहेत, बारा महिने झाले. रेघेवर लक्ष ठेवायचं काम त्याच मुलाकडे आहे. सुट्टीतसुद्धा तो खिडकीतून डोकावून जातो. त्याच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला नंतर दिलं. म्हटलं, "नाही रे, खाडीत सहाच्या सहा मेली नसती. खाडीचं काम आपण अंगावर घेतलं होतं, आणि ते आपल्याला येत नव्हतं."

तो म्हणाला, "आता येतं ना बाई?"

थोडं थोडं येतं. तुम्हीही शिका, पण आधी सहा आठवडे वाट बघा. आणि वहीत काय काय लिहिलंत ते मला पत्राने जरूर कळवा!

— तुमच्या बाई