ग्रोंडरची सराव-लढाई भरताड नव्हे



‘फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस’ (२०१९) या गेममधली ग्रोंडरच्या मैदानावरची सराव-लढाई म्हणजे निव्वळ भरताड, हे मागच्या अंकातल्या पत्रातलं मत मला मुळीच पटलं नाही.

साम्राज्य, राज्य आणि सरदारांचा संघ, अशा तीन देशांची मुलं एकाच मठात शिकतात. दरवर्षी ती ग्रोंडरच्या मैदानावर एकमेकांशी भिडतात आणि लढून झालं की त्याच मठात परततात. ज्या युद्धात राज्य साम्राज्यापासून फुटलं, त्याचंच नाव या मैत्रीच्या सामन्याला दिलंय. जखमेवर धरलेली ती खपलीच!

मधल्या टेकडीवर एक मोठं बाणयंत्र असतं. खोलीबाहेर पडायलाही घाबरणारी, साम्राज्याच्या वर्गातली बर्नाडेटा तिथे उभी असते, अर्थात तुम्ही तिला आपल्या वर्गात ओढलं नसेल तर. पाच वर्षांनी, कथेच्या दोन वाटांवर, तेच मैदान आणि तीच टेकडी पुन्हा येते. या वेळी, खऱ्या युद्धात, साम्राज्याचीच माणसं त्या टेकडीला आग लावतात, आणि वर पुन्हा तीच मुलगी असते. माझा हात कंट्रोलरवर थबकला होता. आधीची लढाई गाळली असती, तर बर्नाडेटा माझ्यासाठी शत्रूची एक तिरंदाज, एवढीच उरली असती.

आपला,
एक वाचक, पुणे