पडद्यावरचें कॉलेज आणि पूर्वतयारीचा प्रश्न

ऑनलाइन शिक्षणाविषयीं आमच्या सुशिक्षित समाजांत सध्यां दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मतें हें शिक्षण म्हणजे ज्ञानाची गंगा झोपडीझोपडीच्या दाराशीं आणून सोडणारा नवा भगीरथ होय. दुसऱ्या पक्षाच्या मतें तें शिक्षणच नव्हे. फी उकळण्याची ती एक युक्ति आहे. हे दोन्ही पक्ष एकमेकांशीं इतक्या आवेशानें भांडतात कीं, एका गोष्टीविषयीं त्यांचें पूर्ण एकमत आहे, हें कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं. ती गोष्ट ही कीं, पडद्यावरून शिकविण्यास निराळ्या तयारीची गरज नाहीं. पहिला म्हणतो, विषय येतो, कॅमेरा आहे, मग अडचण कसली? दुसरा म्हणतो, जें मुळांतच निकामी त्याची तयारी कशाला? आमचें भांडण त्यांच्या या एकमताशीं आहे.

या एकमताचें फळ पाहण्यास फार दूर जावें लागत नाहीं. जूनच्या पहिल्या आठवड्यांत संस्थाचालकांच्या सभेंत ऑनलाइन अभ्यासक्रमाचा ठराव होतो. दुसऱ्या आठवड्यांत जाहिरात झळकते. तिसऱ्यांत प्राध्यापकाच्या हातीं वेळापत्रक पडतें. आणि चौथ्यांत ते गृहस्थ, किंवा त्या बाई, गेल्या दहा वर्षांच्या टांचणांची वही घेऊन मोबाईलपुढें बसतात. पंचावन्न मिनिटें बोलणें होतें, तें जसेंच्या तसें सांठविलें जातें आणि त्याला ‘कोर्स’ हें नांव मिळतें. त्यांतून विद्यार्थ्याच्या पदरांत काय पडलें, हें विचारण्याची चाल नाहीं.

इ. स. २०१३ च्या जानेवारीअखेर अमेरिकेंतील जॉर्जिया टेक या नामांकित संस्थेनें कोर्सेरा नांवाच्या व्यासपीठावरून एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याचा विषय, वाचकांनीं हसूं नये, ऑनलाइन शिक्षणाचें नियोजन आणि अंमलबजावणी हाच होता. सुमारें ४१,००० विद्यार्थ्यांनीं नांवें नोंदविलीं. त्यांची विभागणी लहान लहान गटांत करावयाची होती. त्यासाठीं जालावर एक सामायिक तक्ता ठेवून, ज्यानें त्यानें आपलें नांव हव्या त्या गटांत लिहावें, अशी योजना होती. त्या तक्त्यांत एका वेळीं ५० हून अधिक माणसांस लिहितां येत नव्हतें. पुढें काय झालें असेल तें सांगावयास नकोच. पहिला आठवडा संपण्यापूर्वींच तो अभ्यासक्रम स्थगित करावा लागला.

ही हकीकत आम्ही कोणाची थट्टा करण्यासाठीं सांगत नाहीं. तेथें विद्वत्तेचा तोटा नव्हता, यंत्रांचा नव्हता, आणि द्रव्याचा तर मुळींच नव्हता. पन्नासांची ती मर्यादा कांहीं गुप्त नव्हती. साठ माणसें बोलावून एक दुपार तालीम केली असती तरी ती उघड झाली असती. आमच्याकडची गांवोगांव फिरणारी सामान्य नाटकमंडळीहि तालमीवांचून पडदा वर नेत नसे. परंतु ज्या पडद्यावर आतां कॉलेज भरतें, त्याला तालमीची अपेक्षा आहे असें कोणास वाटतच नाहीं. मग जेथें जॉर्जिया टेकसारख्या संस्थेची अशी गत झाली, तेथें चार आठवड्यांत ठरावापासून पाठापर्यंत पोंचणाऱ्या आमच्या संस्थांविषयीं काय बोलावें?

वर्गांत शिकविणारा प्राध्यापक थोड्या तयारीवर निभावून नेतो, कारण वर्ग त्याला क्षणोक्षणीं सांवरून घेत असतो. मागच्या बांकावर चुळबूळ सुरू झाली कीं तो थांबतो. पुढच्या बांकावरची मुलगी लिहितां लिहितां अडली कीं तो तेंच वाक्य निराळ्या शब्दांत सांगतो. उदाहरण फसलें तर फळा पुसून दुसरें घेतो. ही दुरुस्ती इतकी सहज होते कीं, आपण ती करतों हें त्याचें त्यालाहि ठाऊक नसतें. पडद्यावर मात्र ती सोय नाहीं. एखाद्या तालुक्याच्या गांवीं रात्रीं अकरा वाजतां, घरांतला एकुलता एक मोबाईल मोकळा झाल्यावर जो विद्यार्थी धडा उघडतो, त्याच्या कपाळावरची आंठी कोणास दिसते? तो कोठें अडेल हें महिनाभर आधीं ओळखून तेथें हात देण्याची व्यवस्था करून ठेवणें, याचेंच नांव पूर्वतयारी. दूरशिक्षणांत खरें अंतर मैलांचें नसतें, गुरुशिष्यांच्या परस्परांस समजण्यांतलें असतें, असा विचार मायकेल मूर या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञानें मांडून कित्येक दशकें लोटलीं. आम्ही मात्र अजून सारा हिशेब केबलच्या लांबीचाच करीत आहों.

एक उदाहरण घेऊं. बी. ए. च्या मराठीच्या वर्गांत वृत्तें शिकवावयाचीं आहेत. भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण, हें सांगण्यास अर्धें मिनिट पुरतें. परंतु तें कानांत बसावें लागतें. वर्गांत प्राध्यापक टेबलावर ठेका धरतात, मुलें मागोमाग म्हणतात, ज्याचा लघु गुरूच्या जागीं पडला त्याचा सूर इतरांत उठून दिसतो, हशा होतो आणि चूक सुधारते. हेंच पडद्यावरून कसें करावें? आधीं प्राध्यापकानें आपल्या आवाजांत, संथ आणि मग जलद, असे दोन लहान ध्वनिमुद्रित पाठ तयार करावे लागतील. मग प्रत्येक विद्यार्थ्यानें अर्ध्या मिनिटाचें आपलें म्हणणें मोबाईलवर मुद्रित करून पाठवावें, असा स्वाध्याय लावावा लागेल. वर्गांत ८० विद्यार्थी असतील, आणि एकेकाचें ऐकून त्याला दोन ओळींचें उत्तर लिहिण्यास ३ मिनिटें लागतील, तर एका स्वाध्यायास ४ तास झाले. ते चार तास आठवड्यांत कोठून काढावयाचे, हें जूनमध्यें ठरलें नसेल तर ऑगस्टांत ते निघणार नाहींत. स्वाध्याय रद्द होईल, आणि मुलें लक्षणें पाठ करून परीक्षेंत लिहितील. वृत्त शिकविलें असें आपण म्हणूं, पण विद्यार्थ्याच्या कानीं तें एकदांहि पडलेलें नसेल.

पंचावन्न मिनिटांच्या व्याख्यानाचीहि तीच कथा. इ. स. २०१४ मध्यें फिलिप ग्वो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एडएक्स या व्यासपीठावरील ६९ लाख दर्शनांचा हिशेब तपासला. त्यांत असें आढळलें कीं, व्हिडिओ कितीहि लांब असो, साधारण विद्यार्थी त्यापुढें फार तर ६ मिनिटें टिकतो. आजकालचीं मुलेंच चंचल, असें यावर कोणी म्हणेल. म्हणो बापडा. पण वर्गांत तरी सलग पंचावन्न मिनिटें कोण ऐकत होतें? वर्गांत दार होतें, हजेरी होती, म्हणून शरीरें जाग्यावर राहत, इतकेंच. तेव्हां एका तासाचे आठ-नऊ तुकडे करावयाचे, प्रत्येकांत एकच मुद्दा ठेवावयाचा, आणि दोन तुकड्यांच्या मध्यें विद्यार्थ्यानें स्वतः कांहीं करावें असा एखादा प्रश्न घालावयाचा. टांचणांच्या वहीची कात्रणें करून हें साधत नाहीं. वहीच नव्यानें लिहावी लागते. शिवाय परीक्षेंत काय विचारावयाचें तें आधीं ठरवून मग पाठ लिहावे, शंका कोठें विचारावयाची आणि उत्तर किती दिवसांत मिळेल हें पहिल्याच दिवशीं लेखी कळवावें, व्हिडिओबरोबर त्याचा मजकूर छापील रूपांत द्यावा, म्हणजे ज्याचें नेट तुटतें तो उपाशी राहत नाहीं; या लहान लहान गोष्टी आहेतच.

नेट तुटणाऱ्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत देशाच्या ग्रामीण भागांतील शेंकडा १५ घरांतहि इंटरनेटची सोय पुरती आढळली नव्हती, आणि संगणक तर शेंकडा चार-पांच घरांतच होता. त्यानंतर मोबाईलचा प्रसार पुष्कळ झाला, हें खरें. परंतु बोटाएवढ्या अक्षरांच्या पडद्यावर प्रबंध वाचणें आणि अंगठ्यानें निबंध लिहिणें म्हणजे काय, याचा अनुभव अभ्यासक्रम आंखणारांनीं स्वतः आठवडाभर तरी घ्यावा, अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे.

या बाबतींत ज्यांनीं नांव मिळविलें त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीस १९६९ सालीं सनद मिळाली, आणि तिचे पहिले विद्यार्थी शिकूं लागले ते १९७१ च्या जानेवारींत. मधला काळ अभ्यासक्रम रचण्यांत गेला. प्रत्येक अभ्यासक्रम एकट्यादुकट्याकडे न देतां मंडळाकडे सोंपविण्याची तेथें प्रथा पडली. त्या मंडळांत विषयाचे जाणते असत, बी. बी. सी. चे निर्माते असत, संपादक असत. एकानें लिहिलेला मसुदा इतरांनीं वाचावा, त्यावर टीका करावी, आणि तो फिरून लिहिला जावा, असा क्रम होता. आपल्या वर्गांत आपणच राजे असण्याची संवय झालेल्या विद्वानांस हें प्रथम कितपत रुचलें असेल कोण जाणे. आपल्याकडेहि नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें, तें घरीं बसून शिकणारांसाठीं निराळीं पाठ्यपुस्तकें रचण्याची आवश्यकता मानूनच. म्हणजे ही विद्या आमच्या दाराबाहेरची नाहीं. तिला विचारतो कोण, हा प्रश्न आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा येतो कीं, २०२० च्या मार्चमध्यें सगळीं कॉलेजें एका रात्रींत पडद्यावर गेलीं, आणि तरीहि मुलें उत्तीर्ण झालींच कीं नाहीं? झालीं. घराला आग लागली असतां माणूस खिडकींतून उडी मारतो, म्हणून पुढें घराला जिनाच बांधावयाचा नाहीं काय? तो आपद्धर्म होता, आणि ज्या प्राध्यापकांनीं तो पाळला त्यांच्याविषयीं आम्हांस आदरच आहे. टाळेबंदीच्या त्या पहिल्याच दिवसांत चार्ल्स हॉजेस व त्यांच्या चार सहकाऱ्यांनीं एक लेख लिहून हा भेद स्पष्ट केला होता. संकटांतील तात्पुरती सोय वेगळी आणि ऑनलाइन अभ्यासक्रम वेगळा, आणि पुरत्या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या नियोजनास व तयारीस साधारणतः ६ ते ९ महिने लागतात, असें त्यांनीं त्यांत म्हटलें होतें. आमच्या चालकांनीं त्या आपद्धर्मालाच नित्यधर्म करून टाकलें. जें नाइलाजानें पंधरा दिवसांत उरकलें, तें आतां पंधरा दिवसांतच उरकतें असा त्यांचा समज झाला आहे.

दुसरा आक्षेप थोडा अधिक विचारार्ह आहे. ‘स्वयम्’सारख्या सरकारी व्यासपीठावर देशांतील नामवंतांचे पाठ आयते आहेत, मग प्रत्येकानें पुन्हां कशाला खपावें, असें कांहीं विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ मध्यें शेंकडा २० पर्यंत आणि २०२१ मध्यें शेंकडा ४० पर्यंत श्रेयांक या वाटेनें मिळविण्यास मुभा दिली, हा त्यांचा आधार. आम्ही त्या पाठांचे चाहते आहों. चांगलें ग्रंथालय कोणास नको आहे? परंतु ‘स्वयम्’च्याच रचनेंत चार अंगें सांगितलीं आहेत: व्हिडिओ, वाचावयाचा मजकूर, चर्चा आणि स्वपरीक्षण. म्हणजे सरकारच्या मतेंहि व्हिडिओ हा चार आण्यांचा भाग. उरलेल्या बारा आण्यांपैकीं चर्चेला तरी कोणी जिवंत माणूस लागतो. शंका वाचणारा, आणि चौथ्या दिवशीं गप्प झालेल्या मुलास तूं कोठें आहेस असें विचारणारा. नामवंतांचा पाठ आपल्या वर्गापुढें ठेवावयाचा असला तरी त्याच्या आधीं काय सांगावयाचें आणि नंतर काय करून घ्यावयाचें, हें वर्गाच्या शिक्षकानेंच रचलें पाहिजे. तीहि तयारीच, आणि ती बसल्या बैठकीस होणारी नव्हे.

आतां खऱ्या दुखण्याकडे येऊं. इतकी तयारी करावयाची कोणी, आणि कोणत्या वेळांत? महाराष्ट्रांतील वरिष्ठ महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांचा मोठा वर्ग तासिका तत्त्वावर नेमलेला आहे. त्यांस पैसे मिळतात ते प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचे. वर्गांतल्या शिकवणींत हा अन्याय अर्धामुर्धा झांकला जात असे, कारण तेथें निदान तास तरी मोजतां येत. ऑनलाइन अभ्यासक्रमांत बहुतेक काम तासापूर्वीं आणि तासानंतर असतें: मसुदे लिहिणें, मुद्रण करणें, फिरून करणें, स्वाध्याय ऐकणें, पत्रांस उत्तरें देणें. मघांचे ते चार तास कोणत्या हजेरीपटावर लिहावयाचे? ज्याची नेमणूकच सत्र सुरू झाल्यावर हातीं पडते, आणि सत्र संपतांच संपते, त्यानें सहा महिने आधीं तयारीस बसावें असें आम्ही कोणत्या तोंडानें सांगणार? पुन्हां, त्यानें तयार केलेले पाठ पुढल्या वर्षीं कॉलेजजवळ राहतील आणि तो स्वतः राहणार नाहीं, ही भीति त्याला वाटली तर ती आम्हांस अवास्तव वाटत नाहीं.

म्हणून आमचें मागणें सरळ आहे. ज्या शिक्षकास जूनमध्यें ऑनलाइन वर्ग द्यावयाचा, त्यास जानेवारींत नेमावें; तयारीच्या महिन्यांत त्याचे वर्गांतले तास कमी करावेत आणि तयारीच्या तासांचें वेतन द्यावें; त्याचे पाठ त्याच्या परवानगीवांचून व मोबदल्यावांचून फिरून वापरूं नयेत; आणि त्याचा मसुदा वाचण्यास एक सहकारी व एक विद्यार्थी नेमून द्यावा. याला खर्च येईल. तो येणारच. चांगला रचलेला अभ्यासक्रम थोड्या डागडुजीवर कांहीं वर्षें चालतो, तेव्हां तो खर्च वाटतो तितका भारी नाहीं. ज्यांस तोहि परवडत नसेल त्यांनीं असा अभ्यासक्रम काढूं नये. फीचें पत्रक मात्र त्यांस बरोबर वेळेवर काढतां येतें, असा अनुभव आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं या वर्षीं कोणी तरी असल्या अभ्यासक्रमास नांव घालणार असेल. पैसे भरण्यापूर्वीं त्यांनीं संस्थेकडे सहाव्या आठवड्याचा पाठ दाखविण्याची मागणी करावी. पहिल्या आठवड्याचा पाठ सगळ्यांकडे तयार असतो; जाहिरातींत तोच दाखवितात. सहावा नंतर येईल असें उत्तर मिळालें, तर तो कोण लिहिणार, केव्हां लिहिणार आणि त्याबद्दल त्यास काय मिळणार, हेंहि त्याच खिडकीपाशीं उभें राहून विचारून घ्यावें.