मातीचे घर : कोणासाठी आणि कोणत्या अटींवर?

मातीच्या घराचा विषय स्मरणिकेत काढावा, हे काही वाचकांस रुचणार नाही. गावकुसाबाहेरील गळक्या, दर वर्षी लिंपाव्या लागणाऱ्या भिंती मागे टाकून आपल्यापैकी कित्येक कुटुंबे सेंगकांगच्या उंच इमारतींत येऊन पोहोचली आहेत. त्यांना मातीचे गुणगान कशाला?

तथापि काळाचा प्रश्न टाळता येत नाही. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. सिंगापूरला तर वाळूही बाहेरून आणावी लागते. २००७ साली इंडोनेशियाने तिची निर्यात बंद करताच येथील बांधकामांची कोंडी झाली होती. म्हणून वास्तुविशारद पुन्हा मातीकडे पाहू लागले आहेत. कापडी साच्यातील ओतकाम ही त्यातील एक नवी रीत. चौकटीवर मजबूत कापड ताणावयाचे व त्यात माती, वाळू आणि तंतू यांचे ओले मिश्रण ओतावयाचे. जादा पाणी विणीतून झिरपते, पृष्ठभाग घट्ट होतो; फळ्यांचा खर्च वाचतो व भट्टीही लागत नाही. कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर जपानचे केंझो उन्नो यांनी कापडी साच्यांत काँक्रीटच्या भिंती ओतल्या. नादर खलिली यांच्या मातीभरल्या पिशव्यांच्या निवाऱ्यांना २००४ साली आगाखान पुरस्कार लाभला.

परंतु माती वाळताना आकसते, तडकते; ताणही सोसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा भार यांखाली हजारो माणसे गाडली गेली, हे आपण विसरू शकत नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर प्रहार केला होता. मातीच्या घराचे आजचे कौतुकही त्याच कसोटीवर घासावयास हवे. त्या भिंती लिंपणारे हात कोणाचे? ‘पर्यावरणपूरक’ म्हणून गरिबाच्या माथी कच्चे घरच मारले जाणार काय?

दोष मातीचा नव्हता, सक्तीचा होता. अजिंठ्याची चित्रे भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावरच रेखाटलेली आहेत. म्हणून माझे म्हणणे इतकेच की, ही रीत आधी सधनांच्या बंगल्यांत व सार्वजनिक इमारतींत सिद्ध व्हावी. भूकंप आणि पावसाच्या कसोटीस उतरावी. कर्ज देताना व सरकारी दप्तरी अशा घरास ‘पक्के’ मानले जावे. त्यानंतरच ते गरिबापुढे ठेवावे, तेही निवडीचा हक्क देऊन.

येथे अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे काम हाती घ्यावे. ज्यांच्या आज्यांनी भिंती लिंपल्या, त्यांच्या नातवंडांनी त्या भिंतींचे शास्त्र लिहावे.