ॲव्हरेज विचारलंत, डिकीचं काय?

मित्रांनो, लातूर-नांदेडकडे गाडी घेणं म्हणजे लग्न जमवण्यासारखंच असतं! काका, मामा, शेजारचे सर, गावाकडचे आबा... सगळे बैठकीला हजर. प्रश्नही ठरलेले: "ॲव्हरेज किती देते? रिसेल कशी आहे? कलर कोणता?" २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला, आणि ह्या बैठकांना आणखीच जोर चढला. सुट्टीत घरी गेलं की आपल्यालाही ओढतात. "तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, कोणती घ्यायची?" आपण बीएचपी, टॉर्क असं काहीतरी बोलून मोकळे होतो. पण "आधी डिकी उघडून दाखवा" असं म्हणणारा इंजिनिअर मला तरी अजून भेटायचाय!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ‘बूट स्पेस’ हा शब्द आधी कळला आणि ‘डिकी’ नंतर. पण आपल्या भागाला साजेसा शब्द डिकीच. बूट स्पेसमध्ये जाहिरातीतलं जोडपं एक गिटार ठेवतं. डिकीत काय जातं ते सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी हॉस्टेलच्या गेटवर उभं राहून बघा. एमएच २४ पासिंगची छोटी गाडी येते. आत आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मांडीवर बॅगा. टपावर नायलॉनच्या दोरीने बांधलेली गादी. डिकीतून निघते लोखंडी पेटी, बादली, पुस्तकांचं खोकं, तुरीच्या दाळीची पिशवी आणि तेल गळणारी लोणच्याची बरणी. हीच गाडी परत जाताना बियाण्याची किंवा खताची पिशवी घेऊन जाते. येळवशीला हिच्यातूनच आंबिलाची घागर, भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे आणि अख्खं घर शेतात जातं. म्हणजे आपल्याकडची छोटी गाडी निम्मी कार आणि निम्मा टेम्पो असते. मग ती निवडताना टेम्पोचा विचार का नको?

आता थोडं आपल्या विषयातलं. कंपनी सांगते "डिकी ३४१ लिटर". हे लिटर येतं कुठून? कुणी पाणी ओतून बघत नाही! व्हीडीए नावाच्या जर्मन पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे ठोकळे डिकीत रचतात. एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. जेवढे ठोकळे बसले तेवढे लिटर. पण ठोकळा कोपऱ्यात शिरतो, चाकाच्या उंचवट्याशेजारी बसतो. पोतं तसं बसत नाही. सोयाबीनच्या ५० किलोच्या कट्ट्याला साधारण ६५ ते ७० लिटर जागा लागते. त्या हिशोबाने २४० लिटरच्या डिकीत तीन कट्टे सहज बसायला हवेत. प्रत्यक्षात दोन घातले की तिसऱ्यासाठी दार लागत नाही. म्हणून नुसता लिटरचा आकडा हा अर्धाच जबाब आहे.

तरीपण आकडे बघण्यासारखे आहेत. नवी स्विफ्ट ३८६० मिलिमीटर लांब, डिकी २६५ लिटर. टियागो ३७६५ मिलिमीटर, डिकी २४२ लिटर. बलेनो ३९९० मिलिमीटर, डिकी ३१८ लिटर. आणि सगळ्यांत आखूड वॅगन आर, फक्त ३६५५ मिलिमीटर, डिकी ३४१ लिटर! बलेनोपेक्षा एक फुटाहून जास्त आखूड, तरी डिकी मोठी. ही जादू नाही, उंची आहे. वॅगन आर १६७५ मिलिमीटर उंच आहे आणि तिची पाठ सरळ. स्विफ्टची पाठ तिरकी, दिसायला झकास, पण त्या तिरक्या काचेखाली घागर उभी राहत नाही. १९९९ साली वॅगन आर आपल्याकडे आली तेव्हा लोक तिला "डबा" म्हणून हसले होते. डबाच आहे हो, पण सामान डब्यातच भरतात ना!

हा सगळा खेळ चार मीटरचा आहे. २००६ च्या बजेटमध्ये ४ मीटरच्या आतल्या, ठरावीक इंजिनाच्या गाड्यांवरची एक्साइज ड्युटी २४ वरून १६ टक्के केली गेली. आजच्या जीएसटीतही तीच रेघ आहे: लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्यामुळे डिझाइन करणाऱ्याला लांबी वाढवता येत नाही. मागच्या सीटवर पायाला जागा दिली की डिकी कमी, डिकी दिली की गुडघे पोटात. उरतो एकच मार्ग, वर जाणे.

डिकीला विसरलं की काय होतं त्याचं मोठं उदाहरण म्हणजे नॅनो. २००९ मध्ये बाजारात आली. स्कूटरवर चौघं जाणाऱ्या कुटुंबाला छप्पर मिळावं, हे रतन टाटांचं स्वप्न खरंच मोठं होतं. पण इंजिन मागे, सामानाला जेमतेम जागा, आणि मागचं दार उघडतच नव्हतं! सामान मागची सीट पाडून आतून ठेवायचं. उघडणारं दार आलं २०१५ च्या मॉडेलमध्ये. २०१८ मध्ये गाडीचं उत्पादन थांबलं. ती बंद पडायची कारणं बरीच आहेत, एकट्या डिकीवर खापर फोडणार नाही. पण चार माणसं म्हटली की चार माणसांचं सामानही आलं, हा हिशोब त्या गाडीत कच्चा राहिला असं माझं मत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, सीएनजी. पेट्रोलचे भाव बघून घरोघरी हाच विचार आहे. पण मोठी डिकी बघून गाडी पसंत करायची आणि तिच्यातच ६० लिटरची टाकी बसवायची, म्हणजे नवीन घर बांधून हॉलमध्येच हौद बांधण्यासारखं. टाकी गोल, त्यामुळे आजूबाजूची जागाही वाया जाते. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या टाकल्या आणि वर २१० लिटर जागा वाचवली. साधी गोष्ट, पण याला म्हणतात इंजिनिअरिंग!

कुणी म्हणेल, डिकी छोटी असली तर काय झालं, मागच्या सीटवर टाकू सामान. इथे मात्र फिजिक्स आडवं येतं. गाडी ताशी ५० किलोमीटरने जाते आहे आणि धडकून ०.१ सेकंदात थांबली, तर २० किलोचं खोकं साधारण २८० किलोच्या जोराने पुढे येतं. पुढे कोण बसलंय? आई-बाबा. म्हणून सामानाची जागा डिकीतच, सीटच्या पाठीमागे.

आणि सुरक्षेचा विषय निघालाच तर खरं बोलायला हवं. २०२३ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत माझ्या लाडक्या वॅगन आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच स्टार मिळाला. ३४५ लिटर डिकीच्या अल्ट्रोझला २०२० मध्ये पाच मिळाले होते. वॅगन आरमध्ये पुढे २०२५ मध्ये सहा एअरबॅग आल्या, पण एअरबॅगने गाडीचा सांगाडा मजबूत होत नाही. अल्ट्रोझ महाग पडते हेही खरं. म्हणून माझ्या यादीत डिकी पहिली असली तरी एकटी नाही. बजेट ताणता येत असेल तर डिकी आणि स्टार दोन्ही असलेली गाडी घ्यावी. अलॉय व्हील आणि सनरूफ नंतर.

तर मित्रहो, घरी गाडीची बैठक बसली की एवढं करा. शोरूमला जाताना टेप आणि घरातली सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या. दाराची रुंदी मोजा. डिकीचा उंबरा किती उंच आहे ते बघा, कारण पोतं आधी त्याच्यावरून उचलावं लागतं, आणि ते उचलणार आहेत पन्नाशीचे बाबा. मागची सीट अर्धी पडते की अख्खी, विचारा. अख्खीच पडत असेल तर सामान आणि आजी यातलं एकच नेता येईल! माणसं आणि सामान मिळून किती वजन चालतं ते मॅन्युअलमध्ये बघा. सेल्समन हसेल, हसू द्या. सात वर्षं हप्ते तो भरणार नाही.