पक्षांतर्गत टीका आणि चारित्र्यहनन

निवडणुका जवळ आल्या की विरोधकांच्या टीकेला उत्तर देण्याची तयारी प्रत्येक पक्ष करतो. आपल्याच उमेदवारावर आपल्याच माणसांकडून होणाऱ्या हल्ल्याचा विचार मात्र कोणी करीत नाही. वास्तविक उमेदवारी मागणाऱ्या कार्यकर्त्याची खरी हानी होते ती स्वपक्षीयांच्या कुजबुजीमुळे. ‘त्याचे पलीकडच्यांशी आतून संधान आहे’, ‘त्याला पैसे पोचले आहेत’, ‘त्याची प्रकृती आता साथ देणार नाही’ ही वाक्ये समितीच्या बैठकीत कोणी उच्चारीत नाही. ती बैठक संपल्यावर बोलली जातात, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देता येत नाही.

वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार, म्हणजे पुण्याच्या एखाद्या उपनगराएवढीही नाही. गावे विखुरलेली आहेत, पण भावकी आणि सोयरिकीचे धागे सर्वत्र पोचलेले आहेत. बाजाराच्या दिवशी निघालेली वावडी संध्याकाळपर्यंत तोरण्याच्या पायथ्यापासून पानशेतपर्यंत जाते. तिच्यामागून खुलासा धाडणार तरी कसा?

भोर, वेल्हे आणि मुळशी मिळून बनलेल्या विधानसभा मतदारसंघात २०२४ साली महायुतीच्या अधिकृत उमेदवारासमोर त्याच युतीतील पक्षांचे बंडखोर उभे राहिले. तरीही अधिकृत उमेदवार निवडून आला. यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की घरातील भांडणाने विशेष काही बिघडत नाही. हा निष्कर्ष उथळ आहे. एखादी जागा गेली की राहिली, एवढ्यावर या दोषाचे मोजमाप करता येणार नाही. पक्षात कोणत्या प्रकारची माणसे पुढे येतात आणि कोणती मागे सरतात, यावर ते करावे लागेल.

महाराष्ट्रात या विषयावरचा सर्वांत बोधप्रद इतिहास १९३७ सालचा आहे. मुंबई इलाख्याच्या निवडणुकीनंतर काँग्रेसच्या विधिमंडळ पक्षाचा नेता, म्हणजेच भावी मुख्यमंत्री, निवडायचा होता. मुंबई शहर काँग्रेसचे अध्यक्ष खुर्शेद नरिमन यांचे नाव साहजिकच पुढे होते. बॅकबे योजनेतील गैरकारभार त्यांनी निर्भयपणे चव्हाट्यावर आणला होता आणि मुंबईचे महापौरपदही भूषविले होते. प्रत्यक्षात निवड झाली बाळासाहेब खेर यांची. खेर हे निष्कलंक गृहस्थ होते. वाद त्यांच्या योग्यतेचा नव्हता. नरिमन यांचे म्हणणे असे की सरदार पटेलांनी आपले वजन वापरून आपल्याला दूर ठेवले. काही वृत्तपत्रांनी त्याला जातीय रंग दिला आणि नरिमन पारशी असल्यामुळेच डावलले गेले, असा गिल्ला केला. उलट बाजूने नरिमन यांच्यावर आरोप आला की १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत त्यांनी काँग्रेसचे उमेदवार कन्हैयालाल मुनशी यांच्याशी दगाफटका केला. त्या निवडणुकीत मुनशी पडले होते आणि सर कावसजी जहांगीर निवडून आले होते.

प्रकरण गांधीजी आणि कायदेपंडित बहादुरजी यांच्याकडे चौकशीसाठी गेले. निर्णय नरिमन यांच्या विरुद्ध लागला आणि कार्यकारिणीने त्यांना विश्वासाच्या पदासाठी अपात्र ठरविले. मात्र वाद तेथे संपला नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात मौलाना आझादांनी नरिमन यांच्यावर अन्याय झाला, असेच नमूद केले.

न्याय कोणाच्या बाजूला होता, हा वाद येथे पुन्हा उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो काळाचा हिशेब. १९३४ सालचा विश्वासघात इतका गंभीर होता, तर तीन वर्षे हा गृहस्थ पक्षाच्या जबाबदारीच्या पदावर कसा राहिला? आरोप खरा असेल तर त्याची चौकशी त्याच वेळी व्हावयास हवी होती. नेतृत्वाचा प्रश्न निघेपर्यंत राखून ठेवलेला आरोप हे न्यायाचे साधन राहत नाही, ते हत्यार बनते. त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे की नरिमन यांच्या समर्थकांनी पटेलांवर केलेला आरोपही चौकशीत टिकला नाही. जो स्वतःवरील अन्यायाची तक्रार करतो, त्यालाही पुराव्याचे बंधन चुकत नाही.

दोनच वर्षांनी हा रोग अखिल भारतीय पातळीवर दिसला. जानेवारी १९३९ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी प्रतिनिधींच्या मतदानाने, १५८० विरुद्ध १३७७ मतांनी, पट्टाभींचा पराभव करून निवडून आले. त्रिपुरीच्या अधिवेशनाला ते तापाने फणफणत असताना आले, तर त्यांचे आजारपण हे सोंग आहे अशी कुजबूज स्वपक्षीयांतच सुरू झाली. अखेर त्यांना आपल्या आजारावर ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये लेख लिहावा लागला! अर्थात संघराज्याच्या प्रश्नावर उजव्या गटाची ब्रिटिशांशी तडजोड होऊ घातली आहे, असा संशय खुद्द सुभाषबाबूंनी प्रचारात उठविला होता आणि तोही सहकाऱ्यांना जिव्हारी लागला होता. अध्यक्षाचे हात बांधणाऱ्या पंत ठरावाच्या वेळी काँग्रेस समाजवादी पक्ष तटस्थ राहिला, ही गोष्ट आपण समाजवाद्यांनी विसरू नये.

याचा अर्थ पक्षात टीकाच होऊ नये असा कोणी लावील, तर तो दुसरा तितकाच मोठा धोका होईल. १९५५ साली आवडी काँग्रेसच्या ठरावानंतर काँग्रेसशी कसे वागावे, हा प्रजा समाजवादी पक्षापुढील खरा राजकीय प्रश्न होता. मधु लिमये यांनी त्यावर नेतृत्वाच्या भूमिकेवर उघड टीका केली. तिचा प्रतिवाद करण्याऐवजी त्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली, पुढे डॉ. लोहियांवरही झाली, आणि वर्षअखेर पक्ष दुभंगला. उघड टीका म्हणजे बेशिस्त असे एकदा ठरले की मतभेद नाहीसे होत नाहीत; ते आडोशाला जातात. कुजबुजीचा कारखाना तेथेच उभा राहतो. वरून आलेली यादी ज्या पक्षात ‘एकमताने’ मंजूर होते, त्या पक्षात नाराजीला चारित्र्यहननाखेरीज दुसरी वाटच उरत नाही.

अर्थशास्त्रात ग्रेशमचा नियम शिकवितात : हलके नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावते. राजकारणातही हेच घडते. स्वाभिमानी कार्यकर्ता दोन-तीन वेळा असा चिखल अंगावर घेतो आणि मग घरी बसतो. ज्याला अब्रूची पर्वा नाही किंवा ज्याच्यापाशी पैसा आहे, तो टिकून राहतो. या गोष्टीला वर्गीय बाजूही आहे. धनवान उमेदवाराचे नाव खराब झाले तरी त्याच्या गाड्या धावतच असतात. परंतु धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे कचेरीचे उंबरठे झिजविणारा शेतकरी, कातकरी वस्तीत काम करणारी स्त्री, यांच्यापाशी चांगले नाव हेच एकमेव भांडवल असते. ते एका अफवेने लुटले जाते. कष्टकऱ्यांचा म्हणविणारा पक्ष ही लूट मुकाट्याने पाहत असेल, तर त्याने समतेची भाषा कोणत्या तोंडाने करावी?

उपाय अवघड नाहीत. पहिला, उमेदवार सभासदांच्या मतदानाने ठरावा. ही कल्पना परदेशी म्हणून झटकून टाकण्याचे कारण नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पक्षश्रेष्ठींच्या मक्तेदारीविरुद्ध ती अमलात आणली. आपल्याकडे २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने वर्धा आणि लातूर येथे कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडले होते. दोन्ही उमेदवार पुढे पडले, परंतु त्या वर्षी महाराष्ट्रात त्या पक्षाचे श्रेष्ठींनी निवडलेले बहुसंख्य उमेदवारही पडलेच.

दुसरा, उमेदवाराविरुद्ध ज्याला काही सांगावयाचे असेल त्याने ते लेखी, सहीनिशी आणि मतदानापूर्वी तालुका समितीपुढे मांडावे. उमेदवाराला सर्व सभासदांसमक्ष उत्तराची संधी मिळावी. बिनसहीचा आरोप समितीने ऐकूनही घेऊ नये. तिसरा, कार्य, धोरण, हिशेब आणि निष्ठा यांवर कितीही कठोर प्रश्न विचारता यावेत आणि त्याबद्दल कोणावरही शिस्तभंगाची कारवाई होऊ नये. जात, घरची परिस्थिती, आजारपण आणि स्त्री उमेदवाराचे खासगी आयुष्य हे मात्र विषय होऊ नयेत. चौथा, निर्णय झाल्यावर पराभूत इच्छुकाने निवडलेल्या उमेदवाराचे काम करावे, आणि उमेदवाराने त्याला सन्मानाने सोबत घ्यावे.

येत्या निवडणुकांची वाट न पाहता तालुका समित्यांनी हे नियम आजच ठरावाने स्वीकारावेत. इच्छुकांची नावे पुढे आल्यावर केलेला प्रत्येक नियम कोणा ना कोणाविरुद्ध केल्यासारखा वाटतो. म्हणून नावे पुढे येण्याआधीचा काळच त्यासाठी योग्य होय.