पंख्याचे कार्ड की बिनपंख्याचे?



उमरग्याच्या एका ताईंनी आम्हास विचारले आहे. त्यांचा मुलगा घरच्या संगणकावर लग्नपत्रिका आणि बॅनर तयार करतो. दुकानदार ग्राफिक्स कार्ड बसवा म्हणतो. घर एकाच खोलीचे, रात्री बाकीचे झोपलेले असतात. तेव्हा पंख्याचे कार्ड घ्यावे की बिनपंख्याचे?

ताई, आधी कार्ड लागते का ते पाहा. बहुतेक प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र दाखवण्याची सोय असतेच. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असेल तर ती नसते. पत्रिका, बॅनर, टायपिंग एवढ्या कामाला ती सोय पुरते. संगणक अडत असेल तर तोच पैसा रॅम वाढवण्यात आणि एसएसडी बसवण्यात घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुकानदाराला ते आवडणार नाही!

कार्ड घ्यावेच लागले, तर या कामाला लहान कार्ड पुरे. 2017 साली आलेले एनव्हिडियाचे जीटी 1030 घ्या. ते जास्तीत जास्त 30 वॅट वीज खाते, म्हणजे जुन्या साठच्या बल्बच्या निम्मी. एवढी उष्णता अॅल्युमिनियमच्या पट्ट्या पंख्याशिवायही बाहेर टाकतात. आवाज नाही, आणि बंद पडायला पंखाही नाही.

परंतु पट्ट्यांना हवा लागते. हा धडा आम्ही घरीच शिकलो. आमचे घर पत्र्याचे. बिनपंख्याचे कार्ड आणले आणि धूळ नको म्हणून सीपीयू कपाटाच्या कप्प्यात ठेवून दार लावले. हिवाळा छान गेला. मे महिन्यात मात्र दुपारी दोनच्या सुमारास पडदा काळा व्हायचा. आठ दिवस आम्ही विजेलाच दोष दिला. शेवटी घरातल्या धाकट्याने कप्प्यात हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. कार्ड खोलीच्या हवेपेक्षा अमुक इतके अंश जास्त तापते. खोलीच वीस अंशांवरून चाळीसवर गेली, की कार्डही तेवढेच वर चढते. दार उघडे ठेवले, कॅबिनेटच्या मागे हवा बाहेर ओढणारा एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा बसवला आणि दुखणे संपले. मोठ्या पंख्याचा आवाज कार्डावरच्या चिमुकल्या पंख्याइतका कर्कश नसतो.

पंख्याचे कार्ड वाईट नाही. उन्हाळ्यात ते कॅबिनेटमधली कोंडी जास्त सोसते. पण आपल्याकडची धूळ त्याच्या पात्यांत बसते, मग घरघर सुरू होते. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकून थोडे दिवस निभते, पुढे पंखा अडतो. पंख्याच्या भरवशावर त्याच्या पट्ट्या लहान केलेल्या असतात, म्हणून पंखा थांबला की ते बिनपंख्याच्या कार्डापेक्षा लवकर तापते.

जीटी 1030 घेताना खोक्यावर ‘जीडीडीआर 5’ वाचूनच घ्या. ‘डीडीआर 4’चे कार्ड त्याच नावाने विकले जाते, पण बरेच मंद असते. जुन्या मॉनिटरची निळी व्हीजीए वायर त्याला थेट लागत नाही, वेगळा कन्व्हर्टर लागतो. लग्नाचे व्हिडिओ तयार करायचे असतील तर हे कार्ड घेऊ नका, व्हिडिओ झटपट बनवून देणारा भाग त्यात नाही.

आणि मार्च संपण्यापूर्वी मुलाला प्लग काढून कॅबिनेट उघडायला सांगा. धूळ मऊ ब्रशने काढावी, पाती बोटाने धरून.